चढावरच्या वकीलबाई

१९९१ साल होतं आणि मी चौतीस वर्षांचा होतो. दिल्ली संपून हरियाणा सुरू होतो तिथल्या डोंगरात आमची खाण होती. आमची म्हणजे ठेकेदाराची. आम्ही फोडणारे. मे महिन्यातली सकाळ होती आणि खडी काढणाऱ्या क्रशरचा धुरळा इतका, की चार पावलांवरचा माणूस ओळखू येऊ नये. त्या धुरळ्यातून एक बाई चालत आल्या. अंगात सुती पंजाबी ड्रेस, खांद्याला झोळी आणि पायात शाळेतल्या पोरांचे असतात तसले कॅनव्हासचे बूट. मराठी कोण बोलतं, असं विचारत विचारत त्या माझ्यापाशी येऊन थांबल्या. मी घण खाली ठेवला नाही.

"मी वकील आहे. तुमच्याशी बोलायचंय."

"बोला की."

"इथे नको. चला, वर चढता चढता बोलू."

वर काय होतं? कीकरची काटेरी झाडं आणि उघडा कातळ. वर जायचं कुणाला काही कारण नव्हतं. पण बाई मराठी बोलत होत्या, आणि त्या मुलखात घरातल्यांच्या तोंडून सोडून मराठी ऐकायला मिळत नसे. म्हणून निघालो. बाईंनी खाणीचं नावसुद्धा काढलं नाही. नाव काय, गाव कुठलं, भाकरी ज्वारीची मिळते का, घरी कोण कोण असतं, असलं विचारत राहिल्या. चालणं मात्र बस सुटायला आलेल्या माणसासारखं. निम्म्या चढावर मी विडी पेटवायला थांबलो. पुढे परत थांबलो. वर पोहोचता पोहोचता आणखी एकदा.

"हणमंतराव," त्या म्हणाल्या, "तीनदा विडी पेटवलीत. एकदाही ओढली नाहीत."

"वारा आहे."

"वारा बिल्कुल नाहीये."

खरंच नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं. मला राग आला. आज आठवलं तरी येतो.

या बाईंचं नाव शैला तळवलीकर. पुढे त्यांच्या नावापुढे मागे बरंच काही लागलं, विधायकजी काय, मॅडम काय. मी शेवटपर्यंत वकीलबाईच म्हणालो. त्यांच्यावर पेपरात पुष्कळ लिहून आलं. आधी चांगलं आलं, मग वाईट आलं, मग येईनासं झालं. ते लिहिणारे शिकलेले होते. मी चौथीपर्यंत शिकलो आणि पाचवीच्या वर्षी दगड फोडायला लागलो. पण त्यांच्याबरोबर तो डोंगर चढलेला त्या लिहिणाऱ्यांत एकही नव्हता, म्हणून मी लिहितो.

विडीचं आधी सांगतो, नाहीतर कळणार नाही. खाणीत मुकादम सकाळी उभा राहून माणसं निवडायचा. ज्याला धाप लागलेली दिसली की दुसऱ्या दिवशी त्याला काम नाही. म्हणून धाप लपवणं हे आमच्याकडे घण मारण्याइतकंच शिकावं लागे. श्वास संपला की विडी पेटवायला थांबायचं. नाहीतर चपलेतला खडा काढायचा. तोंड मिटून नाकाने हळूहळू श्वास घ्यायचा, खांदे हलू द्यायचे नाहीत. संध्याकाळी गुळाचा खडा खायचा, म्हणजे पोटातला धुरळा धुऊन जातो. तो पोटात नसतोच, छातीत असतो, हे बाईंनी नंतर सांगितलं. तरी आम्ही गूळ खात राहिलो. बापाने मुलाला आणि थोरल्याने धाकट्याला शिकवलेली विद्या होती ती. मला माझ्या थोरल्या भावाने, मारुतीने शिकवली.

आणि बाईंची पद्धत नेमकी त्या विद्येवर होती. दुसरे वकील माणसाला खुर्चीवर बसवून विचारायचे, खोकला येतो का, दम लागतो का. बसलेला माणूस नाही म्हणतो. बाई कुणाला काही विचारतच नसत. गप्पा मारत वर चढायच्या. जो विडी पेटवायला थांबेल, खडा काढायला वाकेल, उगीच मागे वळून खालचा रस्ता बघेल, त्याचं नाव त्या ध्यानात ठेवायच्या. तो त्यांचा साक्षीदार. "खाली बसून सगळेच निरोगी असतात, हणमंतराव," असं म्हणायच्या.

बाईंचे वडील सरकारी खात्यात होते. बाई दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढल्या, शेजारी एक बंगाली, एक मद्रासी. त्यांचं मराठी घरातल्यापुरतं होतं आणि अर्धं हिंदी. पहिल्या दिवशी मला म्हणाल्या, "तुमची साँस फूलते." मी म्हणालो, "त्याला धाप म्हणतात." त्यांनी तो शब्द दोनदा तोंडात घोळवला. नंतर वस्तीत आल्या की रामराम नाही, नमस्कार नाही, लांबूनच विचारायच्या, "काय हणमंतराव, आज किती धाप?" मी म्हणायचो, "धाप कसली? तुम्हीच दमलेल्या दिसता." त्या हसायच्या. हा आमचा रोजचा खेळ झाला होता. माझी बायको नागू म्हणायची, "बाईंना खरं सांगा की एकदा. किती चालत येतात बिचाऱ्या."

मी सांगितलं नाही.

तेव्हा दिवस असे होते की जिकडे बघावं तिकडे नवीन काहीतरी उभं राहत होतं. रस्त्याच्या पलीकडे गव्हाची शेतं होती, तिथे कॉलन्या आल्या. पुढे गुडगावच्या बाजूला काचेच्या इमारती आल्या. त्या सगळ्यात आमची खडी होती. भिंतीत आम्ही, गच्चीत आम्ही, रस्त्यात आम्ही. त्या कॉलन्यांतल्या लोकांच्या गाड्यांवर मग आमचाच धुरळा बसायला लागला आणि ते वैतागले. बाईंनी त्यांना आपल्या खटल्यात घेतलं.

मी विचारलं, "त्यांना कशाला? त्यांच्या गाड्या पुसायला नोकर आहेत."

"कोर्ट त्यांचं लवकर ऐकतं म्हणून," बाई म्हणाल्या. "त्यांच्या मागोमाग तुम्हाला आत घेऊन जाईन."

खटल्यात दोन मागण्या होत्या. एक, क्रशर बंद करा. दुसरी, ज्यांच्या छातीत धुरळा बसलाय त्यांना औषधपाणी आणि भरपाई द्या. आमच्याकडे छातीचा माणूस डॉक्टरकडे गेला की टीबीच्या गोळ्या मिळायच्या. मारुतीने त्या वर्षभर घेतल्या. बरा झाला नाही, कारण टीबी नव्हताच. बाई म्हणायच्या, "हे टीबी नाही, हे दगड आहेत. एकदा सरकारी डॉक्टरने कागदावर लिहू दे, मग बघते." कोर्टात दोन वर्षं घासाघीस करून त्यांनी तेवढं मिळवलं. कोर्टाने हुकूम दिला की डॉक्टरांनी वस्तीत जाऊन कामगारांना तपासावं आणि अहवाल द्यावा.

तो दिवस मी विसरलेलो नाही. वस्तीत सण असल्यासारखं झालं. बायकांनी झोपड्यांपुढे सडा घातला. पुरुषांनी धुतलेले सदरे घातले, फेटे बांधले. सकाळीच प्रत्येकाला गुळाचा खडा. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. ठेकेदाराने धमकी दिली असेल, असं नंतर पेपरवाल्यांनी लिहिलं. ठेकेदार त्या दिवशी आलाही नव्हता. साहेब लोक माणसं बघायला येणार म्हटल्यावर आम्ही मुकादमापुढे उभे राहतो तसे उभे राहिलो. दुसरं आम्हाला काय ठाऊक होतं?

डॉक्टरांचं टेबल कीकरच्या सावलीत मांडलेलं. एक्स-रेची गाडी यायची होती ती आलीच नाही. नुसती नळी छातीला लावून बघत होते.

"खाँसी?"

"नाही साहेब."

"साँस फूलती है?"

"नाही साहेब."

मारुती तेव्हा महिनाभर खाटेवर होता. लघवीला जायचं तरी मी धरून न्यायचो. त्या दिवशी तो उठला. एकटा चालत टेबलापर्यंत गेला. डॉक्टरने विचारलं तसं नाही म्हणाला. शेजारी कुणाचा तरी घण पडला होता. मारुतीने तो उचलला, डोक्याच्या वर नेला आणि हळूच खाली ठेवला, आवाज न करता. डॉक्टर हसले. म्हणाले, "पहलवान हो." सगळी वस्ती हसली. मीही हसलो. भावाचा अभिमान वाटला मला.

वकीलबाई थोड्या दूर उभ्या होत्या. तपासणीत वकिलाने मध्ये बोलायचं नाही असा कोर्टाचा नियम. त्यांच्या हातात झोळीचा पट्टा होता आणि तो त्या पिळत होत्या. मारुतीने घण उचलला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

माझा नंबर आला. मीही नाही म्हणालो.

निकाल लागला तो असा. धुरळ्याने आसपासच्या वस्तीला त्रास होतो, क्रशर बंद करा. कामगार निरोगी आढळले, भरपाईचा प्रश्न येत नाही. आमचं काम गेलं आणि हातात काही पडलं नाही. कॉलनीवाल्यांची हवा साफ झाली. त्यांनी त्यांच्या हॉलमध्ये बाईंचा सत्कार ठेवला. हार, नारळ, शाल.

मारुती त्याच दिवशी गेला. निरोप कळला तशा बाई सत्कारातून उठून स्कूटरवर थेट वस्तीत आल्या. घाईत शाल हातातच राहिली होती. नागूला वाटलं, बाईंनी मयतासाठी आणलीय. तिने ती त्यांच्या हातातून घेतली, उलगडली आणि मारुतीच्या अंगावर घातली. जरीच्या काठाची लाल शाल. बाईंनी अडवलं नाही. मारुती त्या शालीतच गेला. शाल कुठली होती ते मला दुसऱ्या दिवशी पेपरातल्या फोटोवरून कळलं. नागूला मी आजवर सांगितलेलं नाही.

दहाव्याला बाई आल्या तेव्हा भिंतीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "मी सगळं तयार केलं, हणमंतराव. कायदा तयार केला, जज तयार केला. धाप लागते ती डॉक्टरला दाखवायची असते, एवढंच सांगायचं राहिलं."

मी म्हणालो, "सांगितलं असतं तरी आम्ही दाखवली नसती, बाई."

त्या म्हणाल्या, "आपल्या लोकांचं इकडे हरल्यावरच नाव होतं. माझे वडील दर संक्रांतीला आम्हाला पानिपतच्या रणावर, काला अंबला घेऊन जायचे. माथा टेकवायचा आणि परत यायचं. मी विचारायची, बाबा, इथे आपण जिंकलो होतो का?" आणि हसल्या. पण ते हसणं बघवत नव्हतं.

त्यानंतर त्यांनी काळा कोट सोडला. लोक म्हणतात सत्तेची हाव सुटली. मला त्यांनी सांगितलं ते असं, "कोर्टात मागता येतं. द्यायला दुसरीकडे बसावं लागतं." पहिल्यांदा अपक्ष उभ्या राहिल्या. आमच्या वस्तीने एकगठ्ठा मतं दिली, पण आमची मतं ती किती? डिपॉझिट गेलं. मी म्हणालो, "बाई, आता?" म्हणाल्या, "आता शिकते." पुढच्या खेपेला एका मोठ्या पक्षाचं तिकीट मिळवलं. कॉलन्या तोवर पुष्कळ वाढल्या होत्या आणि हवा साफ करणाऱ्या बाई म्हणून त्यांना तिथे सगळे ओळखत होते. आमदार म्हणून निवडून आल्या. चंदीगडला जायला लागल्या.

मग पांढरी गाडी आली. गाडीच्या मागे दुसरी गाडी आली. बोलणं बदललं. आधी "करते" म्हणायच्या, आता "करून घेऊ" म्हणायला लागल्या. एकदा वस्तीच्या नाक्यावर गाडी थांबली होती आणि लोकांनी गराडा घातला होता, विधायकजी, विधायकजी. मी मागून मोठ्याने हाक मारली, "ओ वकीलबाई." त्यांच्याबरोबरच्या एका पांढऱ्या कपड्यातल्या माणसाने मला दटावलं, "तमीज़ से बोलो." बाईंनी काच खाली केली आणि त्याला म्हणाल्या, "तू तमीज़ से चुप रह." मग मला, "बोला, किती धाप?"

"धाप नाही. एक विचारायचंय. हल्ली तुम्ही बसूनच बोलता. चढावर कधी येत नाही."

त्या म्हणाल्या, "मी चालले तर मागे पन्नास माणसं चालतात, हणमंतराव. त्यात कुणाची धाप ऐकू येत नाही."

ते मला खरं वाटलं. पण मला ते आवडलं नाही, हेही खरं.

आता जे सांगतो त्यावरून लोक त्यांना नावं ठेवतात. क्रशर बंद पडल्यावर खाणी तशाच पडून होत्या. आम्ही खोल खणलेल्या खड्ड्यांत पाणी साठून निळी तळी झाली होती. एका बिल्डरला डोंगराची ती कड हवी होती, तळ्याकाठी उंच इमारती बांधायला. पक्ष बिल्डरच्या बाजूचा. त्या सगळ्या मुलखात तो डोंगर वाचवू शकेल असं एकच माणूस होतं आणि ते त्याच पक्षात होतं. बाई विधानसभेत एक अक्षर बोलल्या नाहीत. कागदावर सही केली. त्यांचे जुने वकील मित्र, झाडं वाचवणारी माणसं, सगळ्यांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. पेपरात त्यांचं चित्र आलं, हातात डोंगराचा तुकडा आणि गळ्यात किमतीची चिठ्ठी.

त्या आठवड्यात त्या माझ्या घरी आल्या. गाडी लांब सोडून पायी. नागूने चहा दिला. बाई चुलीपाशी बसल्या आणि माझ्याकडे न बघता बोलल्या.

"पेपर वाचलात?"

"चित्र बघितलं."

"खरं आहे ते. मी विकला. बदल्यात एक गोष्ट मागून घेतली. तुमच्या वस्तीला लागून दवाखाना, त्यात एक्स-रेचं मशीन आणि छातीचा डॉक्टर. त्याने लिहून दिलं की औषध फुकट, आणि माणूस गेला तर बायकोला पेन्शन. दगडाचा आजार म्हणून सरकारी कागदावर लिहिणार आता. टीबी नाही."

नागूने किटली खाली ठेवली.

बाई म्हणाल्या, "पण माणसं आली पाहिजेत. कुणी आलंच नाही तर पेशंट नाहीत म्हणून पुढेमागे बंद करतील. वस्ती तुमच्याकडे बघून चालते, हणमंतराव. मारुतीच्या मागे तुम्हीच. तुम्ही मशीनपुढे उभे राहा. मग बाकीचे येतील."

मी म्हणालो, "डोंगर विकून आणलेल्या मशीनपुढे मी उभा राहणार नाही."

"डोंगर तुमचा कधी झाला? तुम्ही तर तो फोडत होतात."

"फोडत होतो. विकत नव्हतो. आणि मला काही झालेलं नाही."

"अच्छा," त्या म्हणाल्या. "मग माझं विकणं फुकट गेलं."

चहा अर्धा टाकून उठल्या. त्या गेल्यावर नागू माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

दवाखाना झाला. पांढरी इमारत, निळं दार. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचा आणि खुर्चीत बसून पेपर वाचायचा. वस्तीतली माणसं त्या दारावरून जाताना छाती पुढे काढून जायची. मीही जायचो. खाणीतली माझ्या वयाची माणसं एकेक करून चालली होती, घरातल्या घरात, गूळ चघळत. त्यांच्या बायकांना काही मिळालं नाही, कारण कागदावर ती निरोगी होती. रस्त्यापलीकडे इमारती वर चढत होत्या आणि त्यांच्या जाहिरातीच्या बोर्डावर लिहिलं होतं, ताज़ी हवा में साँस लीजिए.

पुढच्या निवडणुकीत बाई पडल्या. कॉलनीवाल्यांना डोंगर दिसेनासा झाला म्हणून त्यांनी पाडलं, आणि पक्षाला आता त्यांची गरज नव्हती. पांढरी गाडी गेली, मागची गाडी गेली. लग्न केलं नव्हतं. वडील कधीच गेलेले. दिल्लीतल्या द्वारकेत तिसऱ्या मजल्यावर एका फ्लॅटमध्ये एकट्या राहायच्या असं कळलं.

मग एका दिवाळीनंतर त्या रिक्षाने वस्तीत आल्या. केस पांढरे झालेले. पायात परत ते कॅनव्हासचे बूट. लांबूनच म्हणाल्या, "काय हणमंतराव, किती धाप?"

"धाप कसली?"

"मग चला. चढता चढता बोलू."

डोंगराचा तेवढाच एक चढ उरला होता. आम्ही निघालो. त्या आपल्या लहानपणाचं बोलत होत्या, आर. के. पुरमच्या बसस्टॉपचं, बंगालीणकाकूंच्या माशांचं. थोडं चढलो आणि त्या थांबल्या. पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. परत चाललो. परत थांबल्या, परत पर्स. तोंड मिटलेलं, नाकाने हळूहळू श्वास, खांदे अजिबात हलत नव्हते.

मी ओळखलं. माझ्यापासून ते कसं लपणार?

"काय शोधता, बाई?"

"चष्मा."

"चष्मा डोळ्यावर आहे."

त्या हसायला लागल्या. हसता हसता त्यांना असा खोकला आला की दगडावर बसल्या. मीही बसलो, कारण मलाही उभं राहवत नव्हतं. दोघं तिथे बसून धापा टाकत होतो, आणि तरी मी तोंड फिरवून बसलो होतो.

"हृदयाचं असावं," त्या म्हणाल्या. "घराचे जिने चढता येत नाहीत. शेजारणीला सांगते, मला उतरत्या पायऱ्यांची भीती वाटते म्हणून बाहेर पडत नाही. तुमच्याकडून शिकले."

"डॉक्टरला दाखवलं?"

"नाही."

"का?"

"तुम्ही का नाही दाखवलं?"

खाली त्या इमारती दिसत होत्या आणि त्यांच्या पायाशी दवाखान्याचं निळं दार. बाई म्हणाल्या, "यार हणमंतराव, सौदा करू. तुम्ही दाखवा, मग मी दाखवते. बोला."

"बघू," मी म्हणालो.

"बघू म्हणजे नाही. मी राजकारणात होते, मला ठाऊक आहे." उठल्या, हात झटकले. उतरताना एकदा माझ्या खांद्याचा आधार घेतला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

थंडीत त्या गेल्या. बातमी नागूला दूधवाल्याकडून कळली. लोधी रोडच्या स्मशानात अंत्यसंस्कार होते, बसने गेलो. पक्षाने फुलांचं चक्र पाठवलं होतं, माणूस पाठवला नव्हता. जुन्या वकील मित्रांतले एक म्हातारे आले होते, काठी टेकत. द्वारकेची शेजारीण होती. तिने सांगितलं, तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावर, वळणापाशी बसलेल्या सापडल्या, पर्स उघडी आणि हात पर्समध्ये. काहीतरी शोधत असतील, ती म्हणाली.

त्या वकिलांनी मला विचारलं, "आप कौन?"

मी म्हणालो, "केस के गवाह थे हम."

"कौन सा केस?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "उसमें तो सब सेहतमंद निकले थे."

मी हो म्हणालो. घरी येईपर्यंत अंधार पडला. नागूला काही सांगितलं नाही. तिने ताटात गुळाचा खडा ठेवला होता, तो बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरचा वार होता. सकाळी आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, फेटा बांधला नाही. विड्यांचा कट्टा फळीवर ठेवला. नागूला म्हणालो, "चल माझ्याबरोबर." कुठे, हे तिने विचारलं नाही.

वस्तीपासून दवाखान्यापर्यंत थोडा चढ आहे. वाटेत चहाची टपरी, तिथे खाणीतले उरलेले सगळे बसलेले असतात. टपरीसमोरच श्वास संपला. मी थांबलो. विडी नव्हती आणि चपलेत खडा नव्हता. गुडघ्यांवर हात ठेवले, तोंड उघडलं आणि लागू दिली धाप. लोहाराच्या भात्यासारखा आवाज येत होता. टपरीवरचं बोलणं बंद पडलं. नागू शेजारी उभी राहिली, तिने पदर तोंडाला लावला होता. बराच वेळ लागला. मग परत चाललो, परत थांबलो. मागून कुणाच्या तरी चपला वाजायला लागल्या. मागे वळून बघितलं नाही, पण कोण ते श्वासावरून कळत होतं.

डॉक्टरने पेपर खाली ठेवला.

"खाँसी?"

"है."

"साँस फूलती है?"

"फूलती है. बरसों से. लिखो."

त्याने लिहिलं. मशीनच्या माणसाने मला सदरा काढायला लावला आणि छाती थंड पत्र्याला टेकवून उभं केलं. म्हणाला, "लंबी साँस लो. रोको."

रोखला. ते मला येतं.

"छोड़ो," तो म्हणाला.

मी सोडला.